दुसऱ्या क्रमांकाचा भुर्दंड

दोन मोबाईल बाळगणे ही चैन आहे, अशी समजूत सुस्थितीतील वर्गात अद्याप आढळते. ज्यांची ही समजूत असेल त्यांनी म्हापशाच्या किंवा मडगावच्या अड्ड्यावरील एखाद्या मोटरसायकल पायलटला विचारून पाहावे. त्याचा एक क्रमांक गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेला असतो; दुसरा बँकेच्या खात्याला, आधारला आणि गॅसच्या नोंदणीला जोडलेला असतो. पहिला गेला तर धंदा बुडतो, दुसरा गेला तर स्वतःच्याच पैशाला हात लावणे मुष्कील होते. सत्तरी-काणकोणच्या डोंगरी वाड्यांतील अडचण निराळी. तेथे एका कंपनीची रेंज अंगणात मिळते, तर दुसरीची बाजाराच्या वाटेवर. जहाजावर नोकरीला गेलेल्या मुलाचा क्रमांक तो परत येईपर्यंत जिवंत राहावा म्हणून घरी वृद्ध पिता रिचार्ज करीत बसतो. यांतील चैन कोणती, हे आम्हांस तरी दिसत नाही.

२००३ साली येणारे कॉल विनामूल्य झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने गरिबाच्या हाती आला. पुढे 'आजीवन' योजना निघाल्या. एकदा पैसे भरावेत आणि मिस्ड कॉलवर संसार चालवावा, असा तो काळ होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी नुसते कॉल येण्यासाठीही किमान रिचार्जची अट घातली, आणि 'आजीवन' शब्दाचा अर्थ ग्राहकांस कळून चुकला! तेव्हा २८ दिवसांना ३५ रुपये पडत. म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज आणि ४५५ रुपये. जुलै २०२४ च्या दरवाढीत एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा प्राथमिक प्लॅन १९९ रुपयांवर गेला. त्या दराने एका क्रमांकास वर्षाला २,५८७ रुपये होतात आणि दोहोंस ५,१७४. (२८ दिवसांचा महिना कोणत्या पंचांगातला, हे विचारण्याचे आता लोकांनी सोडून दिले आहे. ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवावा, असा आदेश २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे 'ट्राय'ला, काढावा लागला होता.)

कंपन्यांना बाजूच नाही असे नव्हे. २०१६ नंतरच्या दरयुद्धात कित्येक कंपन्या नामशेष झाल्या, आणि मनोरे उभारणे काही फुकट होत नाही. परंतु महिन्यातून बँकेचे चार संदेश घेण्यापुरता जागा राहणारा क्रमांक मनोऱ्यावर असा कोणता भार टाकतो?

डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने केवळ कॉल व संदेशांचे, इंटरनेटविना स्वतंत्र प्लॅन देणे बंधनकारक केले आणि त्यांची कमाल मुदत ३६५ दिवसांवर नेली. निर्णय स्वागतार्ह होता. पण जानेवारी २०२५ मध्ये वर्षाचा असा प्लॅन १,८४९ रुपयांना आला. दरमहाच्या हिशेबाने तो स्वस्त खरा. मात्र ज्याचे पोट हातावर आहे त्याने एवढी रक्कम एकदम आणावी कोठून? गरिबाला किरकोळीने घ्यावे लागते आणि किरकोळीचा भाव नेहमीच चढा असतो.

२०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस वापर नसला तरी शिल्लक २० रुपये असल्यास तेवढ्या रकमेत क्रमांक आणखी ३० दिवस राखता येतो. नियम चांगला, पण अपुरा. क्रमांक राखला तरी प्लॅन संपल्यावर येणारे कॉल व संदेश थांबतातच, मग बँकेचा ओटीपी कसा मिळावा? शिवाय कायमचा बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. म्हणून परवडत नाही असे ठरल्यास आधी बँक व आधारमधील क्रमांक बदलावा आणि मगच जुना सोडावा. हा क्रम चुकल्यास मनस्ताप अटळ आहे.

मोबाईल क्रमांकाला जवळजवळ ओळखपत्राचे स्थान सरकारनेच दिले. तेव्हा आधार वा बँक खात्याशी जोडलेल्या क्रमांकावर बँकेचे व शासकीय संदेश तरी अल्पशा वार्षिक शुल्कात येत राहतील, अशी तरतूद 'ट्राय'कडून करवून घेणे सरकारला अवघड नाही. गोव्याच्या लोकसभेतील दोन्ही खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.