वऱ्हाडचे गहाणखत

पश्चिम आशियात कोठेही बॉम्ब पडला की आमच्या दिग्रसच्या चहाच्या टपरीवर दोन निकाल तयार असतात. एकाच्या मते ते लोक मुळातच भांडखोर. दुसऱ्याच्या मते ख्रिस्ती राष्ट्रांना इस्लाम बुडवायचाच आहे. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते : हे भांडण धर्माचे आहे आणि ते हजार वर्षे चालत आले आहे. क्रुसेडची युद्धे झाली, हे कोण नाकारील? पण या निकालावर मला सही करवत नाही. त्याचे कारण आपल्याच मातीत आहे.

दिग्रस ज्या वऱ्हाडात आहे, ते १८५३ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होते. निजामाकडून इंग्रजांनी ते लढाई करून घेतले नाही. ते गहाण पडले. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेवर अधिकारी इंग्रज, खर्च मात्र निजामाचा. पगार थकले, कंपनीने पैसे भरले, व्याज चढत गेले. आणि डलहौसीच्या कारकिर्दीत त्या बाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब यांचा कारभार कंपनीच्या हाती गेला. मालकी निजामाची, वहिवाट साहेबाची! आपला शेतकरी ज्याला कब्जेगहाण म्हणतो, तेच हे. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी ते सोडवण्यासाठी केलेली सारी खटपट वाया गेली. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले.

हा मुलूख एवढा हवासा का होता, हे दिग्रसकरांना सांगायला नको. येथे कापूस पिकतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली, तशीच ती इजिप्तकडेही वळली. तिकडे खेदिव इस्माइलने तेजीच्या भरवशावर युरोपातून कर्ज उचलले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज उरले. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले भाग इंग्रजांना विकावे लागले. १८७६ मध्ये तिजोरीवर युरोपीय सावकारांचे मंडळ बसले. ‘इजिप्त इजिप्तच्याच लोकांचे’ म्हणत अराबी पाशा हा लष्करी अधिकारी उभा राहिला, तेव्हा १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागून इंग्रजांनी देश ताब्यात घेतला. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. इंग्रज फौज तेथून पुरती निघाली ती १९५६ मध्ये.

धर्म या गोष्टीत आला, पण उशिरा. अराबीची मागणी देशाच्या कारभारात हक्क मिळावा ही होती. इराणचे मोसद्देक हे कायद्याचे पदवीधर. त्यांनी १९५१ मध्ये तेल राष्ट्राच्या मालकीचे केले आणि १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी घडवलेल्या उठावात त्यांची सत्ता गेली. सनदशीर वाटा अशा बंद होत गेल्या, की लोक जे गहाण टाकता येत नाही त्याच्याभोवती जमतात. मुस्लिम ब्रदरहुडची स्थापना १९२८ मध्ये झाली, ती इस्माइलिया या सुएझ कालवा कंपनीच्या गावात. इराणात १९७९ मध्ये शहा गेले आणि धर्मगुरू आले. हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे.

याचा अर्थ एक बाजू निर्दोष, असा मात्र नव्हे. निजामाच्या अमलात इजारदारांनी वऱ्हाडी कुणब्याला पिळले, इस्माइलची उधळपट्टीही त्याची स्वतःचीच. शिवाय धर्माच्या चौकटीत तरी हा हिशेब कोठे बसतो? पहिल्या महायुद्धात निजाम तुर्की खलिफाच्या विरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होता. खिलाफत १९२४ मध्ये मोडली ती तुर्कांच्याच विधिमंडळाने. पुढे १९३१ मध्ये त्याच पदच्युत खलिफाची मुलगी निजामाची सून झाली. १९३६ च्या करारात निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. वऱ्हाडचा कारभार तेवढा इंग्रजांकडेच राहिला!

आणि लुटीच्या आठवणीने २००१ च्या ११ सप्टेंबरसारखी कत्तल क्षम्य ठरत नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. निरपराधांना मारणारा कोणाचेच गहाण सोडवत नाही.

सांगायचे ते एवढेच. शेत सावकाराच्या घशात गेले की त्याचा राग नातवापर्यंत पोहोचतो, हे आपल्या कापूसपट्ट्याला चांगले ठाऊक आहे. त्या रागाला आपण नातवाचा स्वभाव म्हणत नाही. आपण जुने खत काढून पाहतो. मग टपरीवर जेव्हा शेजाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवून हजारो मैलांवरच्या युद्धाचा निकाल लावला जातो, तेव्हाही आधी ते खत मागितले पाहिजे. अन्यथा दूरच्या सावकाराचे व्याज आपण आपल्याच गल्लीत भरत बसू.