हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

मध्यप्रदेशच्या शहडोल जिल्ह्यात भदवाही नावाची एक लहानशी ग्रामपंचायत आहे. जलसंवर्धनाच्या सरकारी मोहिमेनिमित्त २०२५ साली तेथे अधिकाऱ्यांची एक बैठक भरली. पाण्याचे महत्त्व ग्रामस्थांना समजावून द्यावे, एवढाच तिचा हेतू. बैठक आटोपली, साहेबमंडळी मोटारींत बसून निघून गेली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पंचायतीची बिले वृत्तपत्रांतून झळकली. त्या बिलांप्रमाणे तासाभराच्या त्या सभेत काजू, बदाम आणि मनुका मिळून तेरा किलोंच्या घरात सुकामेवा फस्त झाला होता. शिवाय काही मण वाटावे इतके फरसाण, आणि चहासाठी सहा लिटर दुधाला पाच किलो साखर! एकूण रक्कम रुपये १९,०१०. साऱ्या देशाने ही बातमी हसून वाचली आणि हसून विसरली. आम्हाला मात्र हसू आले नाही.

एकोणीस हजारांत काय मोठेसे, असे विचारणारे सुज्ञ भेटतात. कोट्यवधींचे रस्ते पहिल्या पावसात वाहून जातात तेथे काजूच्या बशीचा हिशेब कसला करता, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना आमचे उत्तर जुनेच आहे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. रस्त्याच्या बिलातील लबाडी पकडावयास अभियंता लागतो. तासाभरात तेरा किलो सुकामेवा संपत नाही, हे कळण्यासाठी मात्र शाळेत जाणारे पोरही पुरे आहे. इतकी उघड गोष्ट ज्या व्यवस्थेत सही-शिक्क्यानिशी मंजूर होते, त्या व्यवस्थेतील मोठ्या बिलांविषयी नागरिकाने काय समजावे?

आतिथ्याविषयी आम्हाला कोणी धडे देण्याचे कारण नाही. दारी आलेल्या वाटसरूला गूळपाणी दिल्यावाचून न सोडणारी ही भूमी आहे. परंतु गृहस्थ गूळ देतो तो स्वतःच्या डब्यातला. नगरपालिकेचा डबा हा घरपट्टी भरणाऱ्या विधवेचा, पाणीपट्टी भरणाऱ्या हमालाचा आणि बाजारात जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईने दिलेल्या जागाभाड्याचा डबा आहे. त्यातून बशा भरून एकमेकांपुढे सरकविणे याला आतिथ्य म्हणत नाहीत. त्याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात.

मग स्थानिक संस्थेने कोणाच्याच मुखी घास घालू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. सर्वसाधारण सभा सकाळी बसून दिवेलागणीपर्यंत चालली तर सभासदांना आणि टिपणे घेणाऱ्या कारकुनांना चहा मिळावा. पेलाभर चहावरून शंख करण्याइतके आम्ही कृपण नाही. निवडणुकीच्या कामावर रात्र काढणाऱ्या शिक्षकाला किंवा आग विझवून पहाटे परतलेल्या बंबवाल्यांना संस्थेने जेवू घातले तर तो खर्च खर्चच नव्हे. प्रश्न एवढाच, की खाणारा कोणाच्या कामासाठी आला, त्या कामाला खाण्याची खरोखर गरज होती काय, आणि ते खाणे मंजूर कोणी केले?

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि म्हणूनच तो कोणी विचारीत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सार्वजनिक खर्चाची काही मूलतत्त्वे घालून दिलेली आहेत. राज्यांच्या वित्तसंहितांतही ती थोड्याफार फरकाने आढळतात. शहाणा मनुष्य स्वतःचा पैसा ज्या काळजीने खर्च करील त्याच काळजीने अधिकाऱ्याने सरकारी पैसा खर्चावा. प्रसंगाला लागेल त्याहून अधिक खर्चू नये. आणि ज्या मंजुरीने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे स्वतःचाच लाभ होईल ती मंजुरी कोणत्याही अधिकाऱ्याने देऊ नये. हे तिसरे तत्त्व आपल्या नगरसभांच्या फराळाला लावून पाहा. ठराव मांडणारा, अनुमोदन देणारा, बिलावर सही करणारा आणि बशीवर हात मारणारा असे चारही हात एकाच पंक्तीत बसलेले दिसतील. लेखापरीक्षक येतो तोवर दोन वर्षे उलटलेली असतात, आणि बिल ‘किरकोळ खर्च’ या प्रशस्त पांघरुणाखाली निवांत झोपलेले असते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याची राज्यघटना १८८९ सालची. कोणत्याही नगराने वा परगण्याने खाजगी व्यक्तीला सार्वजनिक पैसा वा मालमत्ता दान करू नये, असा तीत स्पष्ट निर्बंध आहे. त्याला ठेवलेला अपवाद लक्षात घेण्याजोगा आहे: गरीब आणि दुर्बळ यांचा आवश्यक निर्वाह. सधन देशाच्या घटनाकारांनीही पोट भरलेल्याला दार बंद केले आणि उपाशी माणसासाठी तेवढे उघडे ठेवले. आपल्याकडे बहुधा याच्या नेमके उलटे चालते.

पण नेहमीच उलटे चालले असे नाही, आणि हे सांगताना आम्हाला आनंद वाटतो. १९२० साली मद्रास महापालिकेचे अध्यक्ष सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव झाला. खर्चाची मर्यादा, दर मुलामागे दररोज एक आणा! गरिबांची मुले उपाशीपोटी शाळेत टिकत नाहीत, एवढे साधे कारण त्यामागे होते. योजना आणखी काही शाळांत गेली. पुढे हा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून करण्यास इंग्रज सरकारने हरकत घेतली आणि १९२५ मध्ये तिला खीळ बसली. साहेबाचा कायदा पोराच्या एका आण्यावर नजर ठेवून होता! तरीही त्या बीजाचा वृक्ष झालाच. १९५६ मध्ये कामराजांच्या सरकारने मद्रास राज्यात शाळेतील भोजन व्यापक केले, आणि २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश साऱ्या राज्यांना दिला. एका नगरसभेने योग्य तोंडी घातलेला घास किती दूरवर पोहोचतो पाहा.

त्याच शहराच्या महापालिकेने २०१३ साली रुपयाला इडली देणारी अम्मा उपाहारगृहे उघडली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरात इंदिरा कँटीन सुरू झाली आणि नंतर ती आपल्या भागातील शहरांतही आली. नावांचे राजकारण बाजूला ठेवू. नेत्यांची छायाचित्रे भिंतीवर लावल्याने भाताची चव बदलत नाही. पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण ही कल्पना ज्या हमालासाठी आणि परगावाहून इस्पितळात आलेल्या नातेवाइकासाठी होती, त्याला तेथे गरम भात मिळतो काय, एवढेच पाहावयाचे. ठेकेदाराचे बिल थकले की चूल विझते, हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. सभेच्या फराळाचे बिल मात्र थकल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

आणि आता झाडूवाल्यांकडे वळू. गाव जागे होण्यापूर्वी जे रस्त्यावर उतरतात, ज्यांच्या श्रमावर आमच्या स्वच्छतेची बक्षिसे मिरविली जातात, त्या पौरकार्मिकांना सकाळची न्याहारी देण्याची योजना कर्नाटकातील नागरी संस्थांत आहे. योजना उत्तम आहे. परंतु न्याहारी वेळेवर येते काय, ती हात धुऊन, सावलीत बसून खाण्याची सोय आहे काय, की गटाराच्या कडेला उभ्याने पुडी सोडावी लागते? सभागृहातील बश्यांसाठी मेजावर पांढरे कापड अंथरणाऱ्या संस्थेला नळाची एक तोटी आणि दोन बाके जड जाऊ नयेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि पंचगंगा यांनी दोन्ही राज्यांतील गावे बुडविली, त्या दिवसांत निवारा-केंद्रांतून पातेली चढली तेव्हा खर्चाविषयी एका करदात्यानेही तक्रार केली नाही. लोक कंजूष नसतात. आपला पैसा कोणाच्या ताटात पडतो हे त्यांना दिसले पाहिजे.

म्हणून आमची मागणी आहे ती अशी. खाण्यापिण्यावर कोणत्या प्रसंगी, माणशी किती आणि कोणाच्या मंजुरीने खर्च करावयाचा, याचा ठराव प्रत्येक पालिकेने आणि पंचायतीने आधी करावा. बिल आल्यानंतर नव्हे. प्रत्येक बिलावर सभेचे कारण आणि हजर माणसांची संख्या लिहावी. तेवढ्यानेच तेरा किलोंचा चमत्कार अशक्य होईल. हा खर्च किरकोळीत न दडविता वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, आणि त्याच पानावर शेजारी पौरकार्मिकांच्या न्याहारीचा आकडा छापावा. निरोप-समारंभ, वाढदिवस आणि निवडीनंतरचे पेढे ज्याचे त्याने स्वतःच्या खिशातून वाटावेत. अधिकारी बिले दाखवीत नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहेच. दहा रुपयांच्या अर्जाने ती मागता येतात. दर प्रभागातून असा एक अर्ज जावा, ही वाचकांना आमची विनंती आहे.

अंदाजपत्रकाची सभा दूर नसते. आपल्या प्रभागाचा सभासद हा ठराव मांडतो काय, आणि मांडलाच तर कोण कोण गप्प बसते, ते नागरिकांनी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन पाहावे. जाताना चहा घरूनच पिऊन जावे.