विषय सोडून

माझ्या भाचीच्या पेपरावर प्राध्यापकमहाशयांनी लाल शाईनं शेरा मारला : 'विषय सोडून'.

प्रश्न होता, 'मॅकबेथ' नाटकातला चांगला राजा आणि जुलमी राजा यांतला फरक स्पष्ट करा. पोरीनं आधी गाइडातलंच लिहिलं. डंकन भला, मॅकबेथ खुनी, माल्कम न्यायी. मग खाली स्वतःचं एक वाक्य टाकलं : डंकनच्या खोलीत झोपलेल्या त्या दोन नोकरांचं काय? दहापैकी तीन मार्क.

मी विचारतो, विषय सोडला कोणी?

ते दोन नोकर. लेडी मॅकबेथ त्यांना दारूतून गुंगीचं औषध पाजते, राजाचं रक्त त्यांना फासते. सकाळी मॅकबेथ दोघांना कापून टाकतो. चौकशी नाही, जबानी नाही. नाटककारानं त्यांना नावंही दिली नाहीत. शेवटी माल्कम गादीवर येतो, सरदारांना पदव्या वाटतो, परागंदा झालेल्यांना परत बोलावतो. या दोघांचा 'न्यायी' राजाला आठव नाही.

आणि हा माल्कम चौथ्या अंकात मॅकडफची परीक्षा घेतो. म्हणतो, मी बाईलवेडा आहे, लोभी आहे. मॅकडफ काय म्हणतो? चालेल! राजी होणाऱ्या बाया देशात पुष्कळ, पैसाही पुष्कळ. वारस हक्काचा असला की एवढं खपून जातं. कोणाच्या घरच्या बाया हो, मॅकडफसाहेब? कोणाच्या घामाचा पैसा?

कोणी म्हणेल, हे तिकडचं, विलायतेचं. बरं, मग आपल्या विदर्भात या. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, आठव्या शतकातला. त्याच्या 'उत्तररामचरिता'तल्या करुण रसानं पंडितांचे डोळे आजही भरून येतात. त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात आदर्श राजा शंबुकाला मारतो. गुन्हा काय? शूद्र असून तप केलं. ब्राह्मणाचं पोरगं मेलं, त्याचं खापर याच्या डोक्यावर. भवभूतीचा राम कचरतो, आपल्या उजव्या हाताला बळेबळे तयार करतो, आणि वार करतोच. मग शंबुक दिव्य रूपात येतो, मारणाऱ्यापुढं वाकतो, त्याला जंगल दाखवत फिरतो! मेलेल्याकडूनच उपकार वदवून घेणारी ही लेखणी. मॅकबेथची निदान झोप तरी उडाली होती.

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. शंबुक तिथंच मारला गेला, अशी तिथली आख्यायिका. मायला ही गोष्ट सांगितली, तर तिनं एवढंच विचारलं, "काऊन मारलं बाप्पा त्याले? चोरी केली होती का त्यानं?" माय शाळेत गेली नाही. पण शिक्षेआधी गुन्हा सांगावा लागतो, हे तिला ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच हे उलगडून दाखवलं. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मधे ते सांगतात की नुसता रामाला दोष देऊन भागत नाही. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर दंड लागतोच, आणि रामराज्य चातुर्वर्ण्यावरच उभं होतं. म्हणजे राजा कर्तव्याला चुकला म्हणून शंबुक मेला नाही. कर्तव्याला जागला म्हणून मेला. जुलमी राजा लहरीनं मारतो, चांगला राजा नियमानं मारतो. मान आमचीच.

म्हणून मित्रांनो, चांगला राजा की वाईट राजा, हे वाड्यातलं भांडण आहे. आमचा सवाल गादीलाच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. संविधानाचं २१वं कलम राज्यकर्ता भला निघेल या भरवशावर उभं नाही. कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाचा जीव घेता येणार नाही, असं ते बजावतं. शंबुकाला एवढं कलम पुरलं असतं.

आणि आपण? आपण अजून चांगला साहेब, चांगला नेता, चांगला मालक शोधत हिंडतो. निळ्या झेंड्याखालीसुद्धा गाद्या घालतो, हार घालतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला म्हणतो, विषय सोडून बोलू नको बे!

भाचीची स्कॉलरशिप मार्कांवर आहे. तिनं विचारलं, "मामा, पुढच्या परीक्षेत काय लिहू?"

मी म्हटलं, "त्यांचं उत्तर लिही, मार्क घे. मग त्या दोन नोकरांचं लिही. पुरवणी लागली तर मागून घे."