वर्गणी संपली, वसुली चालूच

मासिकाची वर्गणी संपत आली की पूर्वी अंकाच्या वेष्टनावर शिक्का असायचा: आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे. वाचकाने मनीऑर्डर धाडली तर पुढचा अंक घरी यायचा, नाही धाडली तर यायचा नाही. मोबाइलवरच्या सेवांनी हा हिशेब उलटा केला आहे. पहिला महिना फुकट, पण त्यासाठी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपेची परवानगी आधीच घेतली जाते. मुदत सरली की पैसे आपोआप कापले जातात. ग्राहक गप्प आहे, म्हणजे त्याची हरकत नाही, असा सोयीचा अर्थ काढला जातो.

अ‍ॅप काढून टाकलं की विषय मिटला, असं अनेकांना वाटतं. तो मिटत नाही. बँकेकडची परवानगी शाबूतच राहते.

या कापाकापीवर रिझर्व्ह बँकेने लगाम घातला आहे. कार्डावरून परस्पर होणाऱ्या नियमित वसुलीसाठीचे तिचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कसोशीने लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि नकाराची सोयही ठेवावी लागते. पण बहुतेक सेवांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही, आणि जाहिरातींच्या गर्दीत तो एक संदेश सहज हरवतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांचे १३ प्रकार जाहीर केले. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक. रद्द करण्याचा पर्याय दडवणं त्यात येतंच, शिवाय फुकट सेवेसाठी पैसे कापण्याची परवानगी द्यायला भाग पाडणंही येतं. तरीही ‘पहिला महिना मोफत, कार्डाचा तपशील भरा’ ही पाटी राजरोस झळकते आहे.

अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने ‘प्राइम’ रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ हे नाव दिलं होतं. दीर्घ युद्धाच्या ग्रीक महाकाव्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना कंपनीने अडीच अब्ज डॉलर मोजायचं मान्य केलं. जर्मनीत तर १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार संपवण्याचं स्पष्ट बटण ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

ग्राहकाची जबाबदारीच नाही, असं नव्हे. मुदत संपल्यावरही जो मालिका पाहत राहिला, त्याने पैसे द्यावेत. दुसऱ्याने मोफत म्हणून न केलेल्या कामाचा लाभ घेतला तर भरपाई द्यावी, हे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७० सांगतंच. पण ज्याने महिनोन्‌महिने अ‍ॅप उघडलंच नाही, त्याच्याकडून कशाचा मोबदला घेतला जातो? सेवा वापरली की नाही, याची नोंद कंपनीपाशी असते. फुकट मुदतीनंतरच्या पहिल्या वसुलीला नव्याने ओटीपी लागावा, आणि न वापरलेल्या महिन्यांचे पैसे ग्राहकाला १९१५ या हेल्पलाइनवर खेटे न घालता परत मिळावेत.