कर्दळीचं बेट आणि कुदळ



कर्दळ, सोनटक्का, लिली ही सगळी कंदांची झाडं. कंदमूळ आपल्या ताटात चालत नाही, मग अंगणात चालतं का, असं अनेकजणी विचारतात. माझं मत : चालतं, पण निवडताना फुलाच्या रंगाआधी कुदळ किती वेळा लागणार ते पाहावं.

डेलिया, ग्लॅडिओलस यांचे कंद हंगाम संपला की बहुतेकजण उकरतात, सुकवतात, पुन्हा पुरतात. दरवर्षी माती उलथायची, आणि तिच्यातल्या गांडुळांचं काय होतं ते पाहायला कोणी वाकत नाही. ‘ते माळी करतो’ हे उत्तर मला पटत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणीच शिकलो ना?

कर्दळ एकदा लावली की त्याच जागी बेट करून तीन-चार वर्षं निवांत राहते. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापला की शेजारचा कोंब वर येतो. तांबूस पानांची जात घेतली तर फूल नसतानाही कोपरा भरलेला दिसतो. पावसाळ्यात एखाद्या पानाची सुरळी होते, आत अळी असते. लगेच फवारा शोधू नका. चार पानं जातात, नवी येतात, आणि ती अळी पुढे तपकिरी फुलपाखरू होऊन उडून जाते.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. त्याला ओल आणि अर्धी सावली आवडते, कडक उन्हात पानं करपतात. फूल देवाला वाहायचं की नाही, हा ज्या त्या घरच्या आम्नायाचा प्रश्न. मी तोडत नाही. संध्याकाळी अंगणभर वास येतो, तेवढा पुरे.

हेलिकोनिया घेणार असाल तर लोंबत्या तुऱ्याची घ्या. उभ्या तुऱ्याच्या होडीसारख्या पाकळ्यांत (खरं तर त्या पाकळ्या नव्हेत, रंगीत पानंच) पावसाचं पाणी साचतं आणि त्यात जीव पडतात. रोज ते पाणी उपसणार कोण?

पिवळ्या फुलांचं वेडेलिया मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको. ते बेट करत नाही, धावत सुटतं. जिथे टेकेल तिथे मूळ धरतं आणि मग सतत उपटत बसावं लागतं.

बेट फार दाटलं, मधली फुलं कमी झाली, तरच ते वेगळं करायचं. तेही वैशाखात, पहिल्या पावसाआधी. चातुर्मासात मातीला हात लावू नये. सगळं बेट उपटायची गरज नसते. कडेचा चार-पाच कोंबांचा तुकडा फावड्याने कापा, बाकीचं जागेवर राहू द्या. तो तुकडा शेजारच्या वहिनींना द्या. पाऊस येईपर्यंत रोज तांब्याभर पाणी घालायला मात्र आठवणीने सांगा.