हवा काढाल, पण भराल कशी?

या पानावर लोणच्याच्या बरणीपासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळं येऊन गेलं, टायरची हवा मात्र पहिल्यांदाच येते आहे. निमित्त झालं बेळगावच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचं. मुलाने चारही चाकं ओढणारी नवी जीप घेतली आहे, थंडीत जैसलमेरच्या वाळूत न्यायची आहे, आणि वाढदिवसाला त्याला 'टायर डिफ्लेटर' हवा आहे. कोणता घ्यावा, की हे नसतं खूळच घरात आणू नये, असं त्यांनी विचारलं आहे. बरोबर सून आणि चार वर्षांची नातही जाणार, हे पत्राच्या शेवटी एका ओळीत आहे. खरा प्रश्न त्या ओळीत आहे, असं मला वाटलं. इथे माधवगंजात माझा पुतण्या आणि त्याची मित्रमंडळी याच नादाची, आणि त्यांच्या गाडीतली मागची सीट माझ्या ओळखीची. म्हणून हा प्रपंच.

आधी, चांगल्या भरल्या टायरची हवा काढायचीच कशाला? साधा हिशेब बघा. एका चाकावर साडेचारशे किलो भार आहे आणि टायरमध्ये 32 पौंड हवा आहे (पंक्चरवाला पौंड म्हणतो, पुस्तकात पीएसआय लिहितात), तर टायर जमिनीला जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढा टेकतो. हवा 16 वर आणली की तीन पोस्टकार्डांएवढा. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर चालतो. घोड्याचा खूर रुततो आणि उंटाचा पसरट पाय रुतत नाही, तसंच हे. राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी इंजिनिअरने 1920 ते 30च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या अशाच हवा कमी करून नेल्या, आणि 1940 मध्ये त्याच अनुभवावर वाळवंटात दूरवर फिरणारी लष्करी तुकडी उभी केली. दोनच वर्षांनी अमेरिकेने पाण्यात आणि जमिनीवर चालणारा 'डक' ट्रक काढला. त्यात तर ड्रायव्हरला जागेवरून न उठता टायरची हवा कमीजास्त करता येई. तेव्हा खूळ म्हणावं असं यात काही नाही, विद्या जुनी आहे.

आता यंत्रांकडे वळू. सगळ्यात स्वस्त म्हणजे व्हॉल्व्हची पिन दाबून धरायची किल्ली. काम होतं, पण चार चाकांपाशी उन्हात उकिडवं बसून गुडघे बोलू लागतात. दुसरा प्रकार छोट्या पितळी टोप्यांचा, चाराचा संच. घरी एकदा मीटर लावून त्या 18 वर बसवून ठेवायच्या, तिथे गेल्यावर चारही व्हॉल्व्हवर फिरवून लावायच्या आणि चहा प्यायला बसायचं. ठरल्या आकड्याला त्या आपोआप बंद होतात. होतात असं म्हणायचं, कारण आत वाळूचा कण अडकला की एखादी टोपी हट्ट करते. म्हणून मीटरने पुन्हा मोजल्याशिवाय निघायचं नाही. तिसरा प्रकार घड्याळासारखा मीटर आणि रबरी नळी असलेला. हा व्हॉल्व्हची पिनच आतल्या आत सोडवून बाहेर ओढून धरतो, त्यामुळे हवा भसाभसा निघते. याच्यात एक मेख आहे. हवा वाहत असताना काटा खरं सांगत नाही. मधली दांडी सरकवून हवा थांबवायची, मग आकडा वाचायचा. शेवटी पिन पुन्हा नीट घट्ट बसवायची. आमच्याकडच्या मुलांना हाच आवडतो, कारण प्रत्येक चाकाला हवा तो आकडा ठरवता येतो. वर्षातून एकदाच वाळूत जाणाऱ्याला मी मात्र पितळी टोप्याच सुचवीन, सोबत वेगळा चांगला मीटर घेऊन.

पण ही खरेदी करायला निघाला होतात, तर आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांचं ऐकून जा. पुतण्याने नवं यंत्र कौतुकाने त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा ते उलटसुलट करून पाहत म्हणाले, "निकालना तो बच्चा भी जानता है बेटा, भरेगा कौन?" सगळी मेख या एका प्रश्नात आहे. वाळूतून बाहेर पडलात की पुढे डांबरी रस्ता, आणि 16-18 पौंडांच्या टायरवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने निघालात तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात. तापलेला टायर फुटतो, आणि तेव्हा आत नात बसलेली असते. म्हणून माझा क्रम उलटा आहे: पैसे मोजकेच असतील तर आधी कंप्रेसर, मग मीटर, आणि उरले तर डिफ्लेटर. सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचे स्वस्त पंप जीपच्या मोठ्या टायरला पुरत नाहीत, तापून मान टाकतात. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्यावा, इंजिन चालू ठेवावं, एकेका टायरनंतर त्याला दम घेऊ द्यावा. परतीच्या वेळेत त्यासाठी अर्धा-पाऊण तास धरूनच निघावं. अंधार पडतोय, पोरं कंटाळलीत, पुढच्या पंपावर भरू, हे वाक्य आमच्या गाडीत कोणी काढलं तर मी दार उघडून खाली उतरते.

आकडे किती? सुरुवात 20पासून करावी, वाळू भुसभुशीत असेल तर 18, आणि रुतलातच तर तेवढ्यापुरतं 15. त्याखाली गेलात आणि चाक झटक्यात वळवलंत तर टायर रिमवरून निसटतो. तशा टायरवर वेग चाळिसाच्या आतच हवा. दगडगोट्यांच्या वाटेवर इतकं खाली जायचं काम नाही, पंचविसाच्या आसपास पुरे. जुन्या जीपला ट्यूब असेल तर आणखी जपा: हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याबरोबर फिरते आणि व्हॉल्व्हच उपटून निघतो. मोजायचं ते गाडी थंड असताना. साडेपाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पौंड चढतो, म्हणजे दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा एक नसतो. शिवाय नव्या गाडीत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागेल, त्याने सुनेने घाबरून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. वाळू दिसली की गाडी घालायची नसते. आमच्यापासून मुरैना ओलांडून धौलपूरच्या अलीकडे गेलं की चंबळ. पुलावरून तिची पांढरी वाळू बघून मुलांचे हात शिवशिवतात. पण ते राष्ट्रीय चंबळ अभयारण्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये घडियाल मगरी याच वाळूत अंडी पुरतात, नदीतली कासवंही तिथेच घालतात, आणि पाणचिरा पक्षी तर उघड्या वाळूवर घरटं मांडतो. वरून चाक गेलं तर कळणारही नाही काय चिरडलं. आमच्या घरचा नियम असा की चंबळला जायचं ते पुलापर्यंत, आणि येताना मुरैनाची गजक आणायची. तुमच्याकडच्यांनाही तेच: गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि भरतीच्या पाण्याला तर डिफ्लेटर कळतच नाही.

तेव्हा ताई, चिरंजीवांना भेट जरूर द्या. डब्यात चार जादा व्हॉल्व्हच्या पिना आणि चार टोप्या टाका, वाळूत पडलेली पिन सापडत नाही. एक फावडं, ओढायचा पट्टा आणि शक्य असेल तर सोबतीला दुसरी गाडी. आणि निघण्याआधी एका रविवारी अंगणातच चारही टायर 18 वर आणून पुन्हा 32 वर भरायला लावा, घड्याळ लावून. सुनेलाही शिकू द्या, पंप तिच्याही हातात द्या.