सुट्टीचा बेत: आधी काळ ठरवा, मग ठिकाणं

दिवाळी तोंडावर आली की सोलापुरातल्या घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात आणि बहुतेक बेत आकड्यांवर येऊन थांबतात. किती दिवस, किती पॉइंट, माणशी किती? सात दिवसांत राजस्थान, आठ दिवसांत इजिप्त. जिथे समुद्र आणि थंड हवा एवढंच अनुभवायचं असतं, तिथे हा हिशेब चालून जातो. जिथे दर शे-दीडशे किलोमीटरवर एखादी जुनी राजधानी उभी आहे, तिथे तो साफ फसतो. सकाळी बाराव्या शतकातलं देऊळ, दुपारी सतराव्या शतकातला मकबरा आणि संध्याकाळी इंग्रजी अमदानीतला बंगला पाहिला, तर रात्री डोक्यात उरतात फक्त दगड आणि पार्किंगची पावती. म्हणून इतिहासाने भरलेल्या देशात फिरायचं तर एक कालखंड निवडावा, त्याच्या क्रमाने ठिकाणं लावावीत आणि बाकीचं, कितीही प्रसिद्ध असलं तरी, निर्धास्तपणे सोडून द्यावं, असं माझं मत आहे.

याचा पुरावा शोधायला कैरोला जायची गरज नाही. सोलापूर ज्या पट्ट्यात वसलं आहे, तो बहमनी आणि आदिलशाही काळाचा गाभा. 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं आणि त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. तिथल्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद संपूर्ण छताखाली आहे. मधलं उघडं अंगण तिला नाहीच. पुढे राजधानी बिदरला गेली. तिथे वजीर महमूद गावानने 1472 मध्ये मदरसा बांधला. 1481 मध्ये सुलतानाने त्याच गावानला मारलं, दरबारातली गटबाजी हाताबाहेर गेली आणि काही वर्षांतच राज्याचे तुकडे पडले. त्यातल्या एका तुकड्याची, आदिलशाहीची, राजधानी विजापूर, आताचं विजयपूर. इब्राहिम रोजा आणि मग 1656 च्या सुमाराचा गोल घुमट, ही त्या गोष्टीची पुढची पानं. कलबुर्गी आणि बिदर न पाहता थेट गोल घुमटापाशी उभं राहणं म्हणजे पूर्वरंग चुकवून उत्तररंगाला येऊन बसणं. घुमट मोठा आहे, एवढं कळतं. एवढं मोठं काही बांधण्याची ऐपत आणि ईर्षा कुठून आली, हे कळत नाही.

सोलापूरचा भुईकोट किल्लाही याच गोष्टीत बसतो. बहमनी राज्याचाच दुसरा तुकडा असलेली निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला हुंड्यात गेला आणि त्या सोयरिकीच्या पाठबळावर 1565 ची तालिकोटची लढाई झाली. आज किल्ल्याच्या बागेत संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कितीजणांच्या मनात हे येत असेल, कोण जाणे. शेवटचं पान मंगळवेढा तालुक्यात माचणूरला आहे. 1686 मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने पुढे माचणूरलगत भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकली आणि 1695 पासून 1699 पर्यंत दिल्लीचा बादशहा तिथून कारभार पाहत होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा आपला इतिहास नव्हे, सुलतानांचा आहे, तो कशाला पाहायचा? पण 1636 मध्ये निजामशाही संपल्यावर शहाजीराजे आदिलशाहीच्याच चाकरीत गेले आणि स्वराज्याची पहिली झुंज याच दरबाराशी झाली. प्रतिपक्षाची राजधानी पाहिल्याशिवाय त्या झुंजीचं मोल कसं कळणार? आणि सुलतान ज्यांना नकोच असतील, त्यांच्यासाठी दुसरा धागा आहेच. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलचा शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. तेरला सातवाहनकाळात रोमशी व्यापार करणारं तगर होतं. मात्र हे दोन धागे एकाच सहलीत ओवू नयेत.

दुसरा आक्षेप घरातून येतो आणि तो जास्त वजनदार आहे: रजा थोडी, ज्येष्ठांना देवदर्शन हवं, मुलांना मजा. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. तिथवर जाऊन कलबुर्गीचा किल्ला न पाहता परतणारी कुटुंबं कमी नाहीत. त्याच फेरीत एक मुक्काम वाढवला की दोन्ही साधतं. कलबुर्गी आपल्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, तिथून बिदरला 2017 पासून गाडी जाते आणि विजयपूर होटगी-गदग मार्गावर आहे. पाच दिवसांत हे सगळं निवांत होतं. मुलांच्या मजेचं म्हणाल, तर गोल घुमटाच्या सज्जात भल्या सकाळी पोचावं; शाळांच्या सहली येऊन धडकल्या की प्रतिध्वनी ऐकू येण्याऐवजी फक्त आरडाओरडा ऐकू येतो. वेळापत्रकाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत इतरत्रही मोजावी लागते. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, ताजमहाल शुक्रवारी. तरीही आरक्षण आधी आणि चौकशी नंतर, हा आपला शिरस्ता.

हंगामाचा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात दगड भाजून निघतात; शाळांची मोठी सुट्टी नेमकी तेव्हाच असते. त्यामुळे या सहलीला दिवाळी किंवा डिसेंबर-जानेवारीच बरा. त्यातही नळदुर्ग आडवा येतो. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळी बांधलेला पाणीमहाल खरा पाहायचा तो पावसाळ्यात, नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वाहत असताना. हिवाळ्यात तिथे गेलात तर भिंत दिसेल, पाणी दिसेलच असं नाही. हैदराबाद रस्त्याने सोलापूरपासून तो तासाभरावर आहे. तेवढ्या एका ठिकाणासाठी क्रम मोडावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरातला एखादा रविवार वेगळा काढावा.